शिंकेआधीचा हात

रविवार, ९ तारीख
दुपारी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. सध्या तो कागदावरच घे, कारण मला वाकायची मनाई आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

यानंतर ‘मी इकडे मजेत आहे’ असं लिहायची रीत. ते लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘बोल’ म्हणालास तरी माझं डोकं फिरतं आणि दोन मिनिटांत आपण पुन्हा मी सोडलेल्या कॉलेजवर येऊन पोचतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढाच फायदा.

वहिनीला सांग, जेवण वेळेवर होतं, खोलीला खिडकी आहे. काम फर्निचरच्या दुकानात. कपाटं, सोफे लोकांच्या घरी पोचवायचे आणि जोडून द्यायचे. माझ्या जोडीला एक वयस्क गडी आहेत, त्यांना सगळेच काका म्हणतात. जिन्यातून कपाट चढवताना एक जण वर असतो, एक खाली. वरचा वाट काढतो, भार खालच्यावर. खालच्याने ‘थांब’ म्हटलं की वरच्याने जागच्या जागी थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. आमच्या धंद्यातला कायदा एवढाच. काका म्हणतात, एक वेळ बायकोचं ऐकलं नाही तरी चालतं, ती दोन दिवस अबोला धरते. कपाट अबोला धरत नाही.

दुकानात बिलं करायला एक मुलगी आहे. (इथे वहिनीने गालात हसू नये.) मी लागलो त्याच आठवड्यात ती दुसऱ्या एका गड्याबद्दल म्हणाली, तो कपाट कसं उशीसारखं उचलतो. झालं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. त्याच संध्याकाळी जिम लावली. दिवसभर पगार घेऊन कपाटं उचलायची आणि संध्याकाळी तोच पगार देऊन लोखंड उचलायचं, असा मी शहाणा. मुलीला माझं नावही धड माहीत नव्हतं. ती मला ‘तो नवीन’ म्हणायची, आणि मला तेवढ्यावर झोप लागायची नाही.

मग डाव्या जांघेत गाठ आली. लिंबाएवढी. उभं राहिलं की यायची, आडवं झालं की जायची. जागा अशी, की दाखवणार कोणाला? मी दार लावून ती बोटांनी आत ढकलायचो आणि वरून जिमचा रुंद बेल्ट आवळायचो. वाटायचं, आवळलं की आत राहील. ट्रेनर पोरांना सांगायचा, शिका जरा, हा बेल्ट बांधल्याशिवाय वजनाला हात लावत नाही. मी छाती काढून उभा. आता कळलंय की बेल्ट वरून पोट आवळतो आणि तो दाब सगळा खाली जातो. म्हणजे रोज संध्याकाळी आरशासमोर उभा राहून मी स्वतःचंच आतडं खाली लोटत होतो, आणि वर शाबासकी घेत होतो.

गेल्या मंगळवारी एक कपाट त्या मुलीच्याच घरी न्यायचं निघालं. आरशाचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका म्हणाले, आज खाली मी राहतो, तुझा चेहरा उतरलाय. मी म्हटलं, खाली मीच राहणार. ती वरच्या वळणावर पाण्याचे दोन ग्लास घेऊन उभी होती.

दुसरा मजला ओलांडताना गाठ बाहेर आली ती जाईना. आतून कोणी पीळ घालावा तशी कळ आली. ‘थांब’ ओठांपर्यंत आलं होतं, दादा. पण ती बघत होती. मी आणखी एक पायरी चढलो, आणखी एक, आणि मग माझ्या हातातून ते सुटलं.

कपाट माझ्या अंगावर आलं नाही, कारण काकांनी वरून कपाटाला बांधलेला पट्टा सोडला नाही. शेजारचे धावत येईपर्यंत त्यांनी सगळा भार एका खांद्यावर तोलून धरला. खांदा निखळला. आरशाला ओरखडाही नाही. त्यात मला मी दिसत होतो, दोन्ही हात जांघेत घालून पायरीवर मुटकुळं करून पडलेला. ती खाली आली आणि तिने दोन्ही ग्लास काकांना दिले. बरोबरच केलं.

काल काका गळ्यात हात बांधून खोलीवर आले. मालकाला त्यांनी आपलाच पाय घसरला म्हणून सांगितलंय. मला एवढंच विचारलं, “मला ‘थांब’ म्हणायला काय झालं होतं रे?”

मालकाकडे उद्या जाऊन खरं काय ते सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली.

इस्पितळात डॉक्टर बाई होत्या, फार तर माझ्या वयाच्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोका म्हणाल्या, तर मी म्हटलं, मला खोकला नाही. त्या हसल्या नाहीत हे उपकार. हर्निया आहे. आडवं करून, दाबून दाबून या वेळी आत गेलं. पुढच्या वेळी अडकलं तर आतडं सडतं आणि मग उशीर होतो, म्हणून गुरुवारी ऑपरेशन ठरवलंय. घरचं कोणी येईल का, विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का, विचारलं. त्यालाही नाही म्हटलं.

बाहेर बाकावर एक म्हातारा गडी बसला होता, त्यालाही तेच. त्याला शिंक आली, आणि शिंकायच्या आधी त्याचा तळवा आपोआप जांघेत जाऊन दाबून बसला. दादा, मला तू दिसलास.

खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन, कोणाच्या तरी दारात थबकून, एक हात खाली दाबून शिंकणारा तू. मी मित्रांना त्याची नक्कल करून दाखवायचो. तू कामावरून आलास की बूटही न काढता फरशीवर आडवा व्हायचास. कॉलेज सोडलं त्या दिवशी मी तुला म्हणालो, दिवसभर लोळतोस आणि मला कष्ट शिकवतोस. तू चिडला नाहीस. “एकदा उचलून बघ,” एवढंच म्हणालास. मला तो शाप वाटला होता.

आडवं झालं की गाठ आत जाते, हे मला आता माहीत झालंय.

किती वर्षं आहे रे तुला? वहिनीला विचार असं लिहिणार होतो, पण तिला माहीत असणारच. शिंक आली की ती तुझ्या हातातली वस्तू घ्यायची. मी ते बघायचो आणि मला काही दिसायचं नाही.

मी डॉक्टर बाईंना पुन्हा भेटून सांगणार आहे की आहे, घरात आणखी एकाला आहे, आणि तो येतोय. मला सोबत हवी म्हणून बोलावत नाही, असं वर लिहून खोडलंय, ते उजेडात धरलंस तर दिसेल. खोटं होतं ते. मला भीती वाटते. तू ये.

येताना जड काही आणू नकोस. स्टँडवर मी येईन, पण तुझी पिशवी मला घेता येणार नाही आणि तुला मी घेऊ देणार नाही. आपण दोघं तिथे उभे राहू आणि कोणाला तरी सांगू.

आपल्या घरात खालच्या बाजूला कायम तूच होतास. कधी ‘थांब’ म्हणाला नाहीस. म्हणून आता वरून मी म्हणतो. थांब, दादा. का म्हणून विचारू नकोस.

आजवर वरच्या बाजूने मोकळ्या हातांनी चढलेला,
तुझा धाकटा