आईच्या लुगड्याचं चित्र

सोलापूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९२९

आज शाळेत माझ्या चित्राची फार वाहवा झाली. हेडमास्तर म्हणाले, "जुन्या लुगड्यातून अख्खं गाव उभं केलंत की, ड्रॉइंगमास्तर!" रंगाचा एक ठिपका नाही त्यात. आईच्या लुगड्याचे तुकडे कापून सरसाने पुठ्ठ्यावर चिकटवलेत. मी फुगून घरी आलो आणि सुशीलेला चित्र दाखवलं. तिला सातवा महिना आहे.

तिने चित्र उजेडात धरलं. मग म्हणाली, "हे काठ सासूबाईंच्या लुगड्याचे. पेटीच्या तळाशी मी मुद्दाम जपून ठेवलं होतं. बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं करतात ना."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. आई जाऊन दोन वर्षं झाली, तिचं तेवढंच एक लुगडं उरलं होतं. का नाही विचारलं मी? पेटी उघडली तेव्हा मला नुसते काठ दिसले. कापड किती मऊ आहे हे हाताला कळलं होतं, तरी कात्री चालवली. वर्षानुवर्षं धुऊन आलेला मऊपणा तो!

दिवेलागणीला सुशीलेने चित्रावर हलकेच गाल टेकवला.

"टोचतंय हो," म्हणाली.