उघडी बगल

४ मार्च
कॉम्प्युटरवरच्या लढाईत परत हरलो! पोरीचं घोडदळ डावीकडून कधी शिरलं, पत्ताच नाही. माझे भालाईत मधोमध समोर बघत उभे, आणि मागे तिरंदाजांची कत्तल! "बाबा, डावी बगल रोज उघडी कशी ठेवता हो?" अकरा वर्षांची चिमुरडी मला युद्ध शिकवतेय. पोट धरून हसलो.

६ मार्च
आज डावीकडे भालाइतांची दुहेरी फळी लावली. तरी हल्ला झालेला दिसलाच नाही! पोरगी म्हणते, "अहो, लाल बाण चमकत होता की स्क्रीनवर!"
कुठला बाण?

७ मार्च
स्कूलबसचा डावा आरसा फाटकाला घासला. आत बत्तीस पोरं, त्यात माझीही. मदतनीस बाई म्हणाल्या, "दादा, लक्ष कुठंय?" हसून वेळ मारून नेली.

१० मार्च
गुपचूप जाऊन तपासण्या केल्या होत्या. डॉक्टरांनी आज फोटो दाखवला. मेंदूत बारीकशी गुठळी. डावीकडचं अर्धं दिसतच नाही — आणि दिसत नाही हेही कळत नाही! "आजपासून गाडी बंद." मान डोलावली. घरी अवाक्षर काढलं नाही. अठरा वर्षं स्टिअरिंगच धरलंय, दुसरं येतंय काय मला? भीती वाटते.

११ मार्च
बस काढली. मान सारखी डावीकडे वळवत हळू चालवली. जमेल.

१२ मार्च
जमणार नाही! डावीकडून एक सायकलवाला अचानक उगवला. करकचून ब्रेक. पोरं पुढच्या सीटवर आदळली. एकीच्या ओठातून रक्त. माझी पोरगी आरशातून माझ्याकडेच बघत होती.
उद्या ऑफिसात सांगतो. उद्या नक्की.

१३ मार्च
नाही सांगितलं. ऑफिसच्या दारातूनच परत फिरलो.
पण संध्याकाळी जिंकलो! घोडेस्वारांची पाचर करून पोरीची फळी मधोमध फोडली. म्हटलं, सुधारतंय की! खुशीत त्याच डावाचं रेकॉर्डिंग परत लावलं, नकाशा उजव्या कोपऱ्यात ओढून नीट पाहिला.
तिने डावीकडून एकही माणूस पाठवला नव्हता. सगळं सैन्य माझ्या उजव्या हाताला आणून उभं केलं होतं.

१४ मार्च
दप्तर लावून दारात उभी. "बाबा, आजपासून मी चालत जाते." मग हळूच, "बाकीच्यांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"