ओल्या भिंतीचं गणित

प्रिय चिऊ,

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी ते दोनदा वाचलं, घडी करून पुन्हा पाकिटात घातलं आणि वर्गावर गेलो. तिथे मी काय केलं ते तुला सांगायला हवं. परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणीतरी प्रश्न विचारला आणि पंधरा वर्षं सांगत आलोय तीच गोष्ट मी सांगितली: सातवीत असताना मी सख्ख्या धाकट्या भावाला नापास कसं केलं. मुलांनी नेहमीसारखी ती वहीत उतरवून घेतली. तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं.

तू लिहिलंयस, की तुमच्या अध्यापक विद्यालयात बाईंनी माझ्या पुस्तकातलं तेच प्रकरण वाचून दाखवलं. तू अभिमानाने सांगितलंस, यातला धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, 'अगं बाई, म्हणजे तुझे बाबा ढ होते!' आणि सगळ्यांबरोबर तूही हसलीस. मग मला एवढंच विचारलंस: बाबा आयुष्यात कुणापुढे गप्प बसले नाहीत, त्याच दिवशी कसे बसले?

आमच्या शाळेत सात वर्ग होते आणि गुरुजी दोन. म्हणून खालच्या वर्गांची तोंडी परीक्षा सातवीतली मुलं घेत. प्रश्न गुरुजी लिहून देत, गुण आम्ही मांडायचे, सही त्यांची. पाचवीचा वर्ग माझ्याकडे आला. तुझे बाबा समोर उभे राहिले तसा मागून आवाज आला, 'आता बघा, भावाला पैकीच्या पैकी!' माझे कान तापले. शेवटचा प्रश्न होता: चार माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर आठ माणसं किती दिवसांत बांधतील? तो बरोबर आला असता तर तुझे बाबा काठावर पास झाले असते.

पुस्तकात मी लिहिलं, 'तो गप्प उभा राहिला.' चिऊ, तो गप्प नव्हता. तो म्हणाला, 'दादा, मातीची असेल तर सहाच. दिवसाला हातभर चढवायची. खालची सुकल्याशिवाय वरची उभी राहत नाही, मग माणसं कितीही लाव.' आदल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघांनी वडिलांच्या हाताखाली गोठ्याची भिंत घातली होती. घाई करून मीच ती एकदा ढासळवली होती. म्हणजे त्याचं म्हणणं खरं आहे हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. कागदावर उत्तर तीन होतं. मी शून्य मांडलं. गुरुजींनी पाठ थोपटली. वडील म्हणाले, याला डोकं नाही, हात आहेत, आणि त्याला गवंड्याच्या हाताखाली धाडलं.

मी पुढे शिकलो. शिक्षणात न्याय कशाला म्हणावं, समाज कुणाला हुशार ठरवतो आणि कोणत्या मापाने, यावर आयुष्यभर वाचलं, लिहिलं. आणि त्या सगळ्या विचाराच्या पायाशी एक खोटं वाक्य ठेवलं. ते लिहिल्यापासून सकाळी देवापुढे बसतो, तेव्हा प्रार्थना ओठांवर येते आणि तिथेच थांबते.

त्याने कधी राग धरला नाही. उलट हाताखालच्या माणसांना म्हणायचा, 'आमच्या दादानं मला शून्य दिलंय, तुम्ही तरी नीट ऐका!' ते हसायचे, मीही हसायचो. गेल्या हिवाळ्यात सिमेंटच्या धुळीने त्याची छाती भरली, तेव्हा शेवटचे तीन दिवस मी दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ होतो. नर्सबाईंना सांगत होता, 'हे मोठे प्राध्यापक, यांच्यासमोर चुकीचं बोलू नका हं.' मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी त्याला पाणी पाजलं, उशी नीट केली, औषधांच्या वेळा लिहून ठेवल्या. तेवढं सोडून सगळं केलं.

पुस्तक मागे घेतोय म्हटल्यावर आमच्या संस्थेच्या संचालक बाई परवा म्हणाल्या, 'अहो सर, एक उदाहरण ते. इतक्यासाठी कुणी पुस्तक मागे घेतं का?' त्यांना कसं सांगू, की ते उदाहरण पाचवीपर्यंतच शिकलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी गेलं.

तू आता शिक्षिका होणार. तुझ्यासमोरही एखादं मूल कागदाबाहेरचं उत्तर देईल आणि मागे बसलेले हसतील. त्या क्षणी माझं पुस्तक तुझ्या डोक्यात नसावं. म्हणून प्रकाशकाकडे जाऊन मी नवी आवृत्ती थांबवली, आणि त्या पुस्तकामुळे मिळालेलं विभागप्रमुखपद सोडलं. तुमच्या बाईंनाही पत्र लिहिलंय. त्यात तो प्रश्न आहे, तुझ्या बाबांचं उत्तर आहे, आणि परीक्षक खोटं बोलला हे माझ्या सहीनिशी आहे. त्यांनी ते वर्गात वाचावं अशी विनंती केलीय. वर्गात ऐकण्याआधी तू ते माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे लिहिलं. मला माफ करायची घाई करू नकोस. बाईंना लिहिलेलं पत्र मी आज सकाळी स्वतः जाऊन टपालात टाकलं.

तुझाच,
मोठा काका