अळणी सोमवार

कराड, १२ मे २०२५

चि. सौ. मनीषास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. धैर्यशील इथे लग्नाला आला तेव्हा त्याच्या हातातली वाटी हिंदकळत होती, आणि तहान तर भागतच नव्हती. बारा वर्षं त्या मनाच्या गोळ्या घेतोय. माझा भाऊ ताळ्यावर राहिला खरा, पण अंगाने किती सुजलाय. थोडे दिवस गोळ्या बंद ठेवून पाहता येतील का? त्याच्यासाठी मी अळणी सोमवार धरलेत. त्याला सांगू नकोस, हसेल मला.

मला विसरू नका.
तुझी आक्का

तेलीबाग, लखनौ, ३० मे

ती. आक्कांना शि. सा. न. वि. वि.

नको म्हणालात तरी मी यांना सांगितलंच. हसले नाहीत. आक्का अळणी खाणार आणि मी लोणचं चाटू का, म्हणाले, आणि सोमवारच काय, रोजच मीठ सोडलं. सूज उतरेल असं मलाही वाटलं. पण इथे लू, म्हणजे तापलेला उन्हाळी वारा, सुटली आहे. आलमबागच्या ऑफिसातून परततात ते भिंत धरून. काल अर्धा चहा अंगावर सांडला. पोट बिघडलंय, जीभ जड झालीय. उन्हाचं आहे म्हणतात. आक्का, मला फार भीती वाटते. उद्या हट्टाने डॉक्टरांकडे नेते.

आशीर्वाद असू द्या.
तुमची मनीषा

तेलीबाग, लखनौ, १७ जून

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

अक्षर लागलं नाही तर शेजारच्या जुईकडून वाचून घे. दवाखान्यातून घरी आलोय, बरा आहे. मीठ तोडलं की या गोळ्या रक्तात साठतात, त्यात हे ऊन. नमक किसने बंद करवाया, असं डॉक्टरांनी दरडावून विचारलं. मनीषा रडायलाच लागली, मग माझाच शहाणपणा म्हणून सांगितलं. आता गोळी कमी केलीय, किडनीवर लक्ष ठेवायचंय.

पण गोळी बंद करायचं मनात आणू नकोस. बारा वर्षांपूर्वी मला खोलीत कोंडावं लागलं, तेव्हा दाराबाहेर रडत बसलेली तूच होतीस. हात कापतो, वाईट वाटतं. तरी त्या खोलीत मला परत जायचं नाही.

तेव्हा सोमवार सोड आणि भाकरीवर तेल-मीठ घे. राखीला इकडे ये. बांधताना माझा हात हलेल, तेवढा धरून ठेव.

तुझ्या लोभातला,
धैर्यशील