वच्छलेचं क्रोटन आणि माझी सिस्टिम

१४ एप्रिल १९५७, रविवार

सकाळच्या मोटारीनं वच्छला माहेरी गोंडपिपरीला गेली. भावाचं लग्न. लवकर येत नाही. जाताना ओसरीवरच्या क्रोटनकडे बोट दाखवून म्हणाली, "रोज पानी घाला. दुसरं काई करू नोका."

हे झाड तिच्या आईच्या हातचं. आई गेली त्या वर्षी मोटारीत मांडीवर धरून इथं मूल गावापर्यंत आणलं होतं.

पण "दुसरं काई करू नोका" म्हणजे काय? राइस मिलच्या हेडक्लार्कवर एवढाही विश्वास नाही?

प्लॅन ठरला. इंग्रजी मासिकात वाचलं आहे: स्टेम कटिंग. फांदी कापायची, मातीत खोचायची, नवं झाड तयार. ती परत येईल तेव्हा ओसरीवर क्रोटनचं जंगल असेल. ती थक्क होईल. मी काही बोलणार नाही. नुसता पान खात बसेन.

१५ एप्रिल

पाच फांद्या कापल्या. तिरका कट, मासिकात होता तस्सा. टिनाच्या डब्यांत लावल्या. शेजारच्या रंभाबाई कुंपणावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या उनात काडी धरत नाई. मिरग लागू द्या." मी समजावलं, की सायन्सला मिरग लागत नाही. त्या हसल्या. पटलं असावं.

१८ एप्रिल

मुळं आली का, हे उपटून पाहिलं. नाहीत. परत खोचल्या. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. सुपरव्हिजन नसेल तर कोणीच काम करत नाही, हा मिलमधला अनुभव.

२२ एप्रिल

सगळी पानं गळली. शुभ लक्षण. झाडाची शक्ती आता मुळांकडे वळली आहे. मिलमध्ये जाहीर केलं, प्रत्येकाला एक क्रोटन मिळेल. भैयाजी कॅशियरनं लगेच कुंभाराकडून कुंडी आणली. नुसता उतावळेपणा.

२७ एप्रिल

पाचही काड्या वाळल्या. दोष डब्यांचा. टिन तापतं.

आता मातीची मडकी. नव्या फांद्या घेतल्या, जरा जाड. मूळ झाड किंचित हलकं दिसतं. फार माजलंच होतं.

३ मे

ऊन भयंकर. मडकी आत रांजणाजवळ हलवली. वच्छलेला पत्र टाकलं: "झाडं मजेत आहेत." एकाची अनेक झाली, हे तिला अनेकवचनावरून कळेल.

११ मे, सकाळी

फुटलं!! एका मडक्यात कोवळा हिरवा कोंब! मिलमध्ये पेढे वाटले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रंभाबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. "भाऊ, हे तं चिचेचं रोप होय. माती चिचेखालची आनली का?" आणली होती. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तुमची परीक्षा घेत होतो.

पेढे परत मागता येत नाहीत.

१९ मे

दुसरी तुकडी गेली, मागून लावलेली तिसरीही गेली. आता मूळ झाडावर फक्त शेंडा उरला आहे. मासिक म्हणतं, शेंड्याचं कटिंग सर्वांत उत्तम. म्हणजे आजवर मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती. कळलं, हेच महत्त्वाचं. शेंडा कापला.

२५ मे

शेंडा काळा पडला. कुंडीत वीतभर खुंट उरला आहे. वच्छलेचं पत्र: शनिवारी येते.

घाबरण्याचं कारण नाही. सरळ सांगायचं, बकरीनं खाल्लं.

२६ मे

एक अडचण. आळीत बकरी एकच, आणि ती रंभाबाईंची. तरी प्लॅन कायम.

१ जून, शनिवार

वच्छला आली. मी म्हणालो, बकरी. तिनं खुंट पाहिला. मग रांजणाजवळची मडकी पाहिली, एकेक काडी उपटून तिरका कट पाहिला. म्हणाली, "बकरीनं चाकूनं खाल्लं का?"

मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. लुगड्याचं बोचकं न सोडताच कुंडीपाशी बसली. मग म्हणाली, "मायनं लावलं होतं. तिच्या हातचं एवढंच होतं माह्यापाशी." मी पाणी आणून दिलं. तिनं घेतलं नाही. पानही खावंसं वाटलं नाही.

नंतर तिनं नखानं खुंटाची साल खरवडली. आत हिरवं होतं. कुंडी उचलून तिनं न्हाणीमागे सावलीत नेली. मी हात लावायला गेलो, तर नुसतं पाहिलं. मागे झालो.

१६ जून

खुंटाला तीन डोळे फुटले. लालसर. ह्या वेळी खरे. रंभाबाईंनीही पाहिले.

वच्छला आज प्रथमच हसली. संधी साधून मी म्हणालो, ह्याला हार्ड प्रूनिंग, म्हणजे कडक छाटणी म्हणतात, माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

ती उठून आत गेली. येताना टोपलीभर वांगी आणि चाकू घेऊन आली. "कापावंच वाटून राह्यलं न तुमाले? हे कापा."

कापली. तिरकी. तिनं परत बारीक करायला लावली.