गुडघा ठणठणीत आहे

ग्लेन हार्बर, केप ब्रेटन, कॅनडा
सोमवार, ११ जानेवारी १९८८

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सोमवार, आमचा कपडे धुवायचा आणि पत्रं लिहायचा दिवस. धुलाईच्या दुकानात चालू मशीनवर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर नाचतंय. ड्वेनला सांग, ताईचं अक्षर मुळातच असं नाही.

दिवसभर करता तरी काय, असं तू दर पत्रात विचारतेस. सकाळी ओटमील गिळायचं, धर्मग्रंथ वाचायचा, छातीवर नावाची काळी पट्टी लावायची आणि बर्फात दारं ठोठावत फिरायचं. इथली माणसं दार आपटत नाहीत ग. उलट आत घेतात, बूट काढायला लावतात आणि चहा पुढे करतात. तिथेच सगळं घोडं अडतं. आमच्या धर्मात चहा चालत नाही म्हटलं की बाईंचा चेहरा असा पडतो, जणू मी त्यांच्या आईला नावं ठेवली. शेवटी सिस्टर फोनुआनं तोड काढली. ती नुसतं गरम पाणी मागते, त्यात दूध-साखर घालते आणि मिटक्या मारत पिते. आता गावभर आम्हाला पांढऱ्या चहाच्या पोरी म्हणतात.

फोनुआ म्हणजे माझी जोडीदारीण. सॉल्ट लेकची, टोंगन आईबापांची, आणि आवाज असा की ती गायला लागली की कुत्री भुंकायची थांबतात. नियमानं आम्ही एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नसतं, म्हणजे मी रुसले तरी तिच्या शेजारीच बसून रुसायचं. कोपऱ्यावरच्या मिसेस मॅकइसॅक पक्क्या कॅथलिक आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की मॉर्मन पोरींनो, माझा धर्म मी मेल्यावरसुद्धा बदलणार नाही, पण पायऱ्यांवरचा बर्फ उपसलात तर माशाच्या टिक्क्या खाऊ घालीन. तेव्हापासून दर गुरुवारी फावडं आमचं, टिक्क्या त्यांच्या.

झोप जरा कमी झालीय. दारापाशी गेलं की छातीत धडधडतं, मग फोनुआ ठोठावते. थंडी बाधली असेल. हे मात्र बाबांना वाचून दाखवू नकोस, नाहीतर रविवारी व्यासपीठावरून सगळ्यांना वाचून दाखवतील.

कळावे. लोभ आहेच, तो लोकरीच्या मोज्यांतून पाठवलास तर जास्त पोचेल.
तुझी,
कार्लीन

-----

विलो फोर्क, युटा
२० जानेवारी १९८८

चि. कार्लीन हीस,
अनेक आशीर्वाद.

मोजे पाठवलेत, चार जोड. दोन फोनुआला दे, तिच्या पायाचं माप ठाऊक नाही म्हणून सैलच विणलेत.

तुझ्या पांढऱ्या चहाची गोष्ट बाबांनी रविवारी वाचलीच. चर्चमध्ये हसून हसून पुरेवाट झाली. तुला माहीत आहे ना, आठवडाभर शेडमधल्या टर्कींना हाका मारायचा आणि रविवारी बिशप म्हणून बोलायचा त्यांचा आवाज एकच आहे. पण तुझं पत्र वाचताना तो मऊ होतो. पोरीच्या जातीला धर्मप्रचाराचं मिशन कशाला, लग्न करून टाका, असं ज्यांनी दोन वर्षांपूर्वी ऐकवलं होतं, त्यांच्याकडे बघून बघून वाचतात. चर्चच्या व्हरांड्यात मिशनरींच्या फोटोंच्या रांगेत तुझा फोटो आहे, त्याची काच ते स्वतः पुसतात. मी पाहिलंय, पण त्यांना सांगितलेलं नाही.

झोपेचं मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पण कमी म्हणजे किती? आणि धडधडणं थंडीनं होत नसतं, एवढं मलाही कळतं. सरळ लिही. मी तुझी आई आहे, चर्चची बातमीदार नाही.

कळावे. पोटभर जेव. मायेला टपालखर्च लागत नाही, म्हणून भरपूर पाठवतेय.
आई

-----

हॅलिफॅक्स
सोमवार, २५ जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मिशनच्या अध्यक्षांनी फोनवर कळवलंच असेल. आता माझ्या तोंडून ऐका.

गुरुवारी मिसेस मॅकइसॅकच्या पायऱ्यांवर फावडं हातात असतानाच मी खाली बसले आणि उठताच येईना. काही लागलं नव्हतं, घसरलेही नव्हते. श्वास मिळत नव्हता आणि रडू थांबत नव्हतं. फोनुआनं मला उचलून आत नेलं. मिसेस मॅकइसॅकनी स्वतःच्या पलंगावर झोपवलं, पाय चोळले आणि माझ्या धर्माला न चालणारी जपमाळ माझ्या उशाशी ठेवून दिली. मी ती काढली नाही.

आई, कमी म्हणजे किती ते विचारलं होतंस. नाताळपासून मी धड झोपलेलेच नाही. इथले डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, औषधानं आणि विश्रांतीनं बरा होतो, आणि तो हाड मोडावं तसा कुणालाही होतो. ते म्हणाले घरी जा. अध्यक्षही तेच म्हणाले, आणि फार मायेनं म्हणाले. मी दोन दिवस भांडले. मग कळलं की ज्या बाईला दारापाशी उभं राहवत नाही तिनं दारं ठोठावायचा हट्ट धरणं हा शहाणपणा नव्हे. प्रवासाची ताकद येईपर्यंत अध्यक्षांच्याच घरी राहतेय. विमान तेवीस फेब्रुवारीचं आहे.

मिशनच्या दीड वर्षातले सात महिने झाले. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण लाज वाटत नाही. हे दोन्ही वेगळं आहे, आणि तुम्ही दोघांनी ते वेगळं ठेवावं एवढंच माझं मागणं आहे.

कळावे. लोभाची आत्ता खरी गरज आहे.
कार्लीन

-----

विलो फोर्क
३ फेब्रुवारी

चि. कार्लीन हीस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, तुझी आईच लिहिते. हे मी लिहितोय म्हणजे विषय गंभीर आहे असं समज.

तुझी तब्येत सगळ्यांत आधी. सॉल्ट लेकला चांगले डॉक्टर आहेत, रोवीनाआत्याशी बोललोय, तिच्याकडे वसंत सरेपर्यंत राहा. विमानतळावर मी एकटा येईन. पाट्या, फुगे, गर्दी काही नको. मिशनवरून परत आल्यावर मिशनरी चर्चमध्ये भाषण करतात, ते मी तुला देणार नाही. बिशप म्हणून भाषणं कुणाला द्यायची ते मी ठरवतो, आणि हे मी ठरवलंय.

परवा कुणीतरी विचारलं, कार्लीन लवकर येतेय का? मी हो म्हणालो. बर्फात पडली का, गुडघा गेला का? मी काहीच बोललो नाही. मी खोटं बोललेलो नाही. पण आता सगळे गुडघा म्हणतात, आणि मी तो तसाच राहू दिलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला हे गाव ठाऊक आहे. गुडघ्याला लोक जेवण आणून देतात. मनाच्या आजाराला ते आवाज खाली करतात, आणि पुढची वीस वर्षं वर करत नाहीत. माझ्या मावसभावाचं काय झालं ते मी पाहिलंय. तो असाच आजारी होऊन मिशनवरून परत आला, ते मागच्या दारानं गाव सोडूनच गेला. तुझं तसं होऊ देणार नाही. ड्वेनही पुढच्या वर्षी मिशनवर जायचा आहे, त्याचाही विचार कर.

तू माझ्यावर चिडशील. चीड. पण ऐक.

कळावे. लोभ जिथे होता तिथेच आहे.
तुझा बाप

-----

हॅलिफॅक्स
१० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा ज्या कुणी माझा गुडघा मोडला त्याचा राग आला. बाबा, माझा गुडघा ठणठणीत आहे. दोन्ही आहेत. सात महिने बर्फातून रोज मैलोन्‌मैल चाललेत बिचारे आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. त्यांच्यावर का आळ घेता?

तुम्ही मावसभावाचं लिहिलंत. तो आजारानं नाही गेला गावातून, मागच्या दारानं गेला. ते दार त्याला कुणी दाखवलं? आता मला तेच दार तुम्ही उघडून देताय, आणि वर म्हणताय की माझं तसं होऊ देणार नाही. मूठ माझी आहे बाबा, आणि मला ती उघडायची आहे. तुमचे सव्वा लाख राहू देत.

आत्याकडे मी राहणार नाही. डॉक्टरकडे जाईन, औषधं घेईन, दुपारी झोपेन, तुम्ही म्हणाल तितकं सूप पिईन. पण आपल्या घरात, समोरच्या खोलीत, पडदे उघडे ठेवून.

आता भाषणाचं. तुम्ही ते देणार नाही, ठीक आहे. तो तुमचा अधिकार आहे आणि बिशपचं मी ऐकते. पण मार्चचा पहिला रविवार उपवासाचा आहे. त्या दिवशी व्यासपीठ बिशपचं नसतं. तुम्ही आधी उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देता, मग खाली बसता, आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठतो; शाळकरी पोरं उठतात, कान गेलेले म्हातारे उठतात, ओरेटाबाई तर दर महिन्याला उठून मांजरीची हकिगत सांगतात. मला कुणाची परवानगी लागत नाही. सहा मार्चला मी उठणार आहे.

ड्वेनचा विचार करूनच हे करतेय. मिशनवर त्याचं काही दुखलं, तर ते कुठे दुखतंय हे त्याला आपल्या घरी खरं लिहिता आलं पाहिजे.

तुम्ही मला मिशनवर पाठवायला सगळ्या गावाशी भांडलात. भांडायचं कसं ते मी तुमच्याकडूनच शिकले. आता तक्रार नको.

कळावे. लोभ असावा, नसला तरी मी येणारच आहे.
तुमचीच,
कार्लीन

-----

विलो फोर्क
१६ फेब्रुवारी

चि. कार्लीन,
आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांनी टर्कीच्या शेडमध्ये नेऊन वाचलं. परत आले ते हात धुऊन सरळ जेवायला बसले. विचारलं तर म्हणाले, पोरगी हट्टी आहे. कुणावर गेलीय, असं मी विचारल्यावर मीठ मागितलं.

इकडे गुडघ्यानं उच्छाद मांडलाय. महिला मंडळानं बटाटे भाजून त्यांची तीन तबकं आणली. फ्रीज भरलाय आणि मी रोज खोटं खातेय असं वाटतं. काल ओरेटाबाई स्वतःच्या कुबड्या घेऊन आल्या. उंची तुझ्यासाठी कमी करून आणल्यात. मी त्या ओसरीत टेकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या वडिलांना मोठ्या आवाजात म्हणाले की आता ह्या कुबड्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. ते म्हणाले, तू पण?

मी पण. तेवीसला विमानतळावर मी येतेय, ड्वेन येतोय आणि ड्वेननं पाटी रंगवलीय. बाबा गाडी चालवणार आहेत, एवढंच ठरलंय. रविवारी ते काय करतील, देव जाणे. मला विचारू नकोस.

कळावे. तुझी खोली तयार आहे, समोरचीच.
आई

-----

विलो फोर्क
सोमवार, ७ मार्च

प्रिय फोनुआ,
स. न. वि. वि.

आज तुझा कपडे धुवायचा दिवस, म्हणून मीही इथे घरच्या मशीनपाशी बसून लिहितेय. नवी जोडीदारीण कशी आहे? गाते का? मिसेस मॅकइसॅकना सांग, मी झोपते आता. सलग नाही, पण झोपते.

विमानतळावर ड्वेननं पाटी धरली होती. आई रडली. बाबांनी बॅग उचलली आणि प्रवास बरा झाला का विचारलं. दोन आठवडे आम्ही टर्की, हवा आणि सूप ह्या तीन विषयांवर बोललो. शनिवारी मी त्यांना परत सांगितलं की उद्या मी उठणार. त्यांनी ऐकलं. मग टर्कीच्या शेडकडे गेले.

काल बाबांनी सुरुवातीची साक्ष दिली, नेहमीपेक्षा आखूड, आणि मागे व्यासपीठावरच्या आपल्या खुर्चीत बसले. मी लगेच उठले, दुसरं कुणी उठायच्या आत. सगळ्यांचे डोळे माझ्या गुडघ्यावर होते. मी मधल्या वाटेनं कुबड्यांशिवाय चालत गेले, जरा जोरातच पाय आपटत, तुझी शपथ.

आणि मग फजिती. तुला माझी उंची माहीत आहे, आणि बाबा पडले साडेसहा फूट. बोलायचा कट्टा त्यांच्या मापावर राहिला होता. माझ्या नाकापर्यंत लाकूडच. लोकांना माझं कपाळ तेवढं दिसत असणार. मागच्या बाकांवर पोरं खुसखुसली. छातीत ते धडधडणं सुरू झालं, तेच, दारापाशीचं. मी कट्ट्याच्या कडा घट्ट धरल्या, टाचा उचलल्या आणि वरच्या माईकला सांगितलं की माझा गुडघा ठणठणीत आहे, मोडलं होतं ते मन. पुढचं वाक्य येईना, कारण चवड्यांवर तोलही धरवेना आणि श्वासही पुरेना. मला वाटलं, आता मिसेस मॅकइसॅकच्या पायऱ्यांवर बसले तशी इथेही खाली बसणार.

तेवढ्यात घर्र असा आवाज झाला. कट्टा खाली जायला लागला. हळूहळू, सगळ्या गावादेखत, अगदी माझ्या मापावर येऊन थांबला. त्याचं बटण बिशपच्या खुर्चीपाशी असतं. मी वळून पाहिलं तर बाबांचं बोट अजून बटणावरच होतं, आणि ते कुणाकडे नाही, माझ्याकडेच बघत होते.

मग मी बोलले, टाचा टेकवून. नाताळपासूनच्या रात्री सांगितल्या, औषधाचं सांगितलं, तू मला उचलून नेलंस ते सांगितलं. सात महिने म्हणजे अर्धवट मिशन नव्हे, ते माझं मिशन होतं, असं सांगितलं. देवावर माझा विश्वास आहे आणि देव जितका गुडघ्याचा तितकाच मनाचाही आहे, हेही सांगितलं. ओरेटाबाईंचे आभार मानले आणि कुबड्या घेऊन जा म्हणाले. सगळ्यांना आवडलं असं नाही. एक कुटुंब माझ्याशी न बोलताच गेलं. ओरेटाबाई मात्र माझ्यानंतर उठल्या आणि पहिल्यांदाच मांजरीबद्दल काही बोलल्या नाहीत.

घरी येताना गाडीत मी बाबांना म्हणाले की तुम्ही कट्टा खाली केला नसता तरी मी टाचा उंच करून शेवटपर्यंत बोलले असते. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, ठाऊक आहे, तेच बघवेना.

कळावे. माझ्या वाटणीची दारंही जोरात ठोठाव, आणि लोभ कमी पडला तर पांढऱ्या चहात घाल.
तुझी,
कार्लीन