थोरल्या जावयाचे टायर

तिसगाव,
९ सप्टेंबर २०२३

प्रिय हनुमंतराव,

भागवतचा नमस्कार. धोंड्याच्या जेवणानंतर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. (‘कामात होतो’ असे लिहून खोडले आहे. काम रोजचेच होते, धीर होत नव्हता.) ज्योतीची कंबर आता कशी आहे? आमच्याकडे आईचे गुडघे सोडले तर सगळे ठीक, आणि या पत्राचा अर्धा विषय तेच गुडघे आहेत. फोन मुद्दाम केला नाही. आपल्या दोघांच्या घरात सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे इथे दुपारी बोललेले संध्याकाळी कोल्हारला सासऱ्यांच्या ओट्यावर पोचते. हे मात्र आबासाहेबांपर्यंत जाता कामा नये.

अधिक महिन्यात आबासाहेबांनी आपल्याला बोलावले, तेव्हा काय हवे असे त्यांनी विचारले होते आणि मी ‘काही नको’ म्हणालो होतो. ते खरे होते. विजयमाला मागून म्हणाली की पिकअपचे टायर गुळगुळीत झालेत, तेही खरे होते. तुमच्या जीपचेही तेच, असे ज्योती म्हणाली. म्हणून चांदीच्या निरांजनांऐवजी दोघा जावयांना चार-चार टायर मिळाले. तेहतीस अनारशांच्या ताटाशेजारी ते उभे करून सासूबाईंनी एकेकाला हळदकुंकू लावले, तेव्हा तुम्ही माझ्याच शेजारच्या पाटावर होता. (अनारशाला जाळी असते म्हणून तो अधिकात देतात. टायरला कुठली जाळी, ही शंका मला तेव्हाच आली होती, पण ताटावरून बोलणे बरे दिसले नसते.) माझे टायर मोठे होते, तुमचे लहान. ते पाहून मला थोडे बरेही वाटले, हे लपवत नाही.

घरी येऊन बसवले. रिंगेवर अगदी बरोबर बसले. गाडी सरळ चालली की काही तक्रार नाही, पण वळली की टायर मडगार्डला घासतो आणि कोणी घाईघाईने खोबरे किसत असल्यासारखा आवाज येतो. शिवाय मोठ्या चाकामुळे गाडी जेवढी चालते त्याहून कमी किलोमीटर पडतात. रोज रात्री डायरीत किलोमीटर लिहून ठेवणाऱ्या माणसाला, आपण रोज खोटे लिहितो आहोत, हे किती लागत असेल याची तुम्हाला कल्पना आहे. टायर परत करायचा तर प्रश्नच नाही. हळदकुंकू लागलेली वस्तू, तीही अधिकातली. त्यातून गणपतीला आबासाहेब आमच्याकडे येत आहेत. स्टँडवर त्यांना आणायला मीच जायचे, आणि ते बसणार ते त्यांच्या टायरांच्याच गाडीत. पहिल्याच वळणावर त्यांना ऐकू येईल की आपण मानाने दिलेली वस्तू जावयाला जमली नाही. हे मला होऊ द्यायचे नाही. टायर काही लहान होत नाहीत, तेव्हा गाडीच उंच करायची असे ठरवून मी बन्सी मेकॅनिककडे गेलो.

बन्सीच्या धंद्यात माप मुठीचे असते. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बंद मूठ फिरली पाहिजे. त्याची मूठ अडकली, माझी आरामात फिरली. मग कोणाची मूठ धरायची यावर बराच वेळ गेला. तो म्हणाला, “भागवतभाऊ, तुमची मूठ रोपं लावायची हाय. गाडीला माझीच धरा.” धरली. पुढे त्याने उपाय सांगितले. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा, म्हणजे गाडी उंच होईल, पण रिकामी असली की उडेल आणि नर्सरीतली डाळिंबाची चार रोपे घेऊन निघालो तर ती पिशव्यांसकट माझ्या आधी पोचतील. किंवा उंची वाढवायचा पुढचा-मागचा सगळा संच बाहेरून मागवायचा. त्याची जाहिरात पाहिली, तीत गाडी खडकावर चढत होती. मला खडकावर जायचे नाही, स्टँडवर जायचे आहे. मडगार्ड कापायचे म्हटले तर ते आबासाहेबांना ऐकू येण्याच्या आधी दिसेल. उरले ठोकळे. पुढे स्प्रिंगखाली आणि मागे पाट्याखाली ठोकळे बसवायचे. (गाडी तपासणीला नेली आणि उंची का वाढवली असे कोणी विचारले तर काय सांगणार, हाही विचार केला. ‘सासऱ्यांचा मान’ असे लिहायला कुठल्या अर्जात जागा असेल असे वाटत नाही.)

ठोकळे आधी तात्पुरते लावून पाहिले. गाडी वळली, आवाज नाही. पुन्हा वळवली, तरी नाही. बन्सीने आपली मूठ फटीत फिरवून दाखवली आणि मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. आई पुढच्या सीटवर बसून बाजाराला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. घ्यायचे फारसे काही नसते, पण माहेरच्या बायका तिला तिथेच भेटतात. तिने एक पाय वर ठेवला आणि तशीच थांबली. शेजारच्या छबूबाईंनी मागून खांदा लावला.

“बायडाबाई, वर तरी जा न्हाईतर खाली तरी ये. माझा खांदा गेला.”

“खाली कशी येऊ? एक पाय वर हाय, दुसरा कुठंय ते मलाच दिसंना.”

“दुसरा माझ्या पायावर हाय.”

छबूबाईंनी आणि मी मिळून तिला खाली घेतले. मी पायरी लावून देतो म्हणालो. पायरीला धरायला दांडा लागेल, आणि दांड्याला तिचा हात पोचणार नाही, असे छबूबाईंनी तिथेच दाखवून दिले.  पिशवी घडी करून ठेवत आई मला नाही, छबूबाईंना म्हणाली, “इवायाचा मान ऱ्हाऊ दे. बाजार काय, न्हाई गेलं तर चालतंय.” चालत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे की मी हे सासऱ्यांच्या मानासाठी करतो आहे की एक वाक्य बोलायचे टाळण्यासाठी.  बन्सी ठोकळे पक्के करायला निरोपावर निरोप पाठवतो आहे.

तुम्हीही त्याच घरचे जावई. ठोकळे ठेवू की काढू, एवढे कळवा.

तुमचा साडू,
भागवत

ता. क. खरे विचारायचे होते ते वर आलेच नाही. ज्योतीने पाठवलेल्या फोटोत तुमची उंच जीप लहान टायरांवर उकिडवी बसल्यासारखी दिसते. शेताच्या वाटेला तिचे पोट दगडांना लागते का? खरे सांगा. दोघांच्या रिंगा एकाच मापाच्या आहेत. एखाद्या दिवशी नगरला भेटून टायर अदलाबदल केले तर? अर्थात कोल्हारला न कळता.

आणखी ता. क. पत्र टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो, तेवढ्यात विजयमालाने ते वाचले. वाचून ती हसत बसली. आबासाहेब कधीपासून दोघी बहिणींना फोन करून विचारतात म्हणे, “अजून घासतंयच का?” दुकानदाराने कोणाला कुठले बसेल ते त्यांना तेव्हाच सांगितले होते. त्यांचे बोलणे विजयमालाने सांगितले तसे लिहितो: “थोरल्या जावयाला धाकलं टायर मी माझ्या हातानं कसं देऊ? देताना मान बघायचा, घरी गेल्यावर त्यांनी आपसात बदलायचं. दोघं पदवीधर हायत, मला वाटलं वाटंतच बदलतील. आता कोन आधी तोंड उघडतंय, ते बघतोय मी.”

हे तुम्हाला न सांगणे मला पटेना, म्हणून लिहिले. मात्र पत्र तुमच्या मिरजगावला पोचायला वेळ लागतो.

उद्याचे काम: हे पत्र पेटीत टाकण्याआधी आबासाहेबांना फोन करणे.